खाकी पिशवी

तात्या गाडीत चढायच्या आधी त्यांचा चिमटा चढायचा. तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा ते दांडीवर असा काही वाजवायचे, टक-टक-टकटक, की ढोलकीवाल्याने ऐकला असता तर ढोलकी विकून मोकळा झाला असता. त्या तालावर दारात अडलेली गर्दी आपोआप मागे सरकायची, खिडकीवरून चाललेली भांडणं निम्म्यावर थांबायची आणि भोकाड पसरलेलं पोर तोंड तसंच उघडं ठेवून बघत राहायचं. इंदापूर-बारामती गाडीचे कंडक्टर होते तात्या. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी अंथुर्ण्याहून बारामतीच्या कॉलेजात रोज त्यांच्या गाडीने जायचो. तीन वर्षं कॉलेजात जे शिकलो ते केव्हाच विसरलो. गाडीत शिकलो ते अजून तोंडपाठ आहे.

दिसायला तात्या म्हणजे उसाचं वाळलेलं कांडं. उंच, सडसडीत, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटण ऐन मे महिन्यातही लावलेलं. पण तोंड असं की गाडीत फुकटचा तमाशा. दारात लोंबकळणाऱ्याला म्हणायचे, "काय पाव्हणं, गाडीला टेकू दिलाय काय? या आत, न्हाय पडत ती." कोंबडी घेऊन चढलेल्या म्हातारीला म्हणायचे, "मावशे, कोंबडीला तिकीट न्हाय. पर बारामती यायच्या आत अंडं दिलं तर ते सरकारजमा."

आणि दर गुरुवारी तात्या पिशव्या वाटायचे.

गुरुवार म्हणजे बारामतीचा बाजार. गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. तेवढ्या गर्दीत तात्या कुणाकुणाजवळ थांबायचे, बाकड्याखालून घडी केलेली खाकी पिशवी काढायचे आणि हातात ठेवून म्हणायचे, "बाजाराला ना? पिशवी विसरलात जणू. मागं बसा, तितं हवा हाय." मागच्या लांब बाकड्यावर हवा कसली असायची? लासुर्ण्यापासूनची सगळी धूळ तिथेच गोळा व्हायची. तरी ती माणसं पिशवी घेऊन निमूट मागे जाऊन बसायची. पैसे द्यायची नाहीत, नको म्हणायची नाहीत.

आम्हा कॉलेजच्या टोळीला यात नाटक दिसलं. तात्यांच्या बायकोने जुन्या गणवेशांच्या पिशव्या शिवायच्या आणि तात्यांनी त्या गळ्यात मारून पैसे मागाहून वसूल करायचे, असा धंदा आम्ही ठरवून टाकला. स्नेहसंमेलनात मी त्यावर नक्कलच केली. खाकी शर्ट, वरचं बटण, चिमटा म्हणून अडकित्ता. "पिशवी विसरलात जणू!" म्हणत मी पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांच्या मांडीवर पिशव्या टाकत गेलो. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मागे वळून बघतो तर खांबाला टेकून तात्या उभे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. दुसऱ्या दिवशी तिकीट फाडताना म्हणाले, "नक्कल झकास झाली. फकस्त चिमटा डाव्या हातात धरलास. डावा हात दांडीला लागतो, राजा, न्हायतर पहिल्याच वळणाला कंडक्टर म्हातारीच्या मांडीत." यापलीकडे एक शब्द नाही.

त्याच वर्षी आमच्या घरात अण्णाचं सुरू झालं.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकून कॅनॉलच्या पाण्यावर ऊस धरला, तेव्हापासून घरचं शेत अण्णाच करायचा. तो ट्रॅक्टर चालवताना गाणी म्हणायचा आणि तीही बेसूर. एक दिवस गाणी थांबली. मग रेडिओवरची बाई बातम्यांत आपलं नाव घेते म्हणून त्याने रेडिओ विहिरीत टाकला. मग विहिरीतूनही ती बोलते म्हणून घर सोडलं. दोन दिवसांनी कॅनॉलच्या कडेने अनवाणी चालताना सापडला. देवऋषी झाला, लिंबं उतरून झाली. शेवटी आबांनी त्याला गोठ्यात बैलांशेजारी साखळीने बांधलं. रागाने नाही, भीतीने. कॅनॉल घरापासून हाकेच्या अंतरावर होता. आई भाकरी घेऊन गोठ्यात जायची आणि अण्णा जेवेपर्यंत बैलांशी बोलत बसायची, कारण अण्णाशी काय बोलावं ते तिला कळत नव्हतं. गावाला सांगितलं होतं, अण्णा मामाकडे गेलाय.

मी कॉलेजात कुणाला बोललो नाही. नकला मात्र सुटल्या. एका गुरुवारी तात्या माझ्याजवळ आले, चिमटा न वाजवता उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "घरी कोण आजारी हाय?"

"कुणी नाही."

"तीन आठवडं झालं, माझी नक्कल केली न्हाईस. माझं काय चुकलं, का घरात काय झालं?"

मी रडायला लागलो. भर गाडीत. तात्यांनी दांडीवर चिमट्याची अशी काही फैर झाडली की सगळी गाडी त्यांच्याकडे बघायला लागली आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

उतरताना मी त्यांना अण्णाचं सगळं सांगून टाकलं. आपल्या सुट्टीच्या दिवशी ते खाकीतच सायकलवरून आमच्या वस्तीवर आले. आबा दारातच आडवे.

"तुमचं काय काम हितं?"

"अण्णाचं तिकीट फाडायला आलोय. गुरुवारी बारामतीला पुण्याहून मनाचा डॉक्टर येतो. औषध देतो. बरी होत्यात माणसं."

"माझ्या पोराला येडा ठरवायला निघालाय व्हय?"

"साखळी तुमी घातलीय, आबा. मी अजून कायबी ठरवलेलं न्हाय."

आमच्या आबांशी असं बोललेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आता घोंगडीखालची काठी निघते म्हणून मी डोळेच मिटले. पण आबांचा आवाज खाली आला. "आन् पळाला तर? आनतो मी गुरुवारी, पर साखळीसकट."

तात्यांनी मान हलवली. "साखळीसकट आणलं तर मला सामानाचं तिकीट फाडावं लागंल. माणसाचं पायजे असंल तर साखळी हितंच ठेवायची."

आबा उसाकडे निघून गेले. तात्या गोठ्यात गेले आणि अण्णासमोर शेणातच उकिडवे बसले. मी कडब्याच्या गंजीआड.

"काय म्हणती बाई?" तात्यांनी विचारलं. "रेडिओवरली."

अण्णाने कितीतरी दिवसांनी मान वर केली. "तुमाला बी ऐकू येती?"

"बाई न्हाय. मला डेपोतला भोंगा हाका मारायचा. गाडीचं नाव घ्यायच्या आधी माझं नाव. मी डेपो सोडून पळायचो, तर भोंगा माझ्यामागं पळायचा." त्यांनी गळ्याजवळचं बटण उघडलं, आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी अण्णाच्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली. "बारा वर्षं झाली. आता भोंगा फकस्त गाड्यांची नावं घेतो." मग माझ्या दिशेला न बघताच म्हणाले, "हे आपल्या तिघांत. गंजीआडचं मांजर धरून."

गुरुवारी आबांनी स्वतःच्या हाताने साखळी काढली. अण्णाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही गाडीत चढलो. अख्खी गाडी बघतेय असं वाटत होतं. कुणीतरी ओळखीच्या बाईने विचारलंच, "कुठं गं, अण्णाची आई?"

"बाजाराला," आई म्हणाली. तिच्या हातात काहीच नव्हतं. बाजाराला निघालेली बाई, मोकळ्या हाताने!

टक-टक. "पिशवी विसरलात जणू, वैनी," तात्या म्हणाले आणि खाकी पिशवी तिच्या हातात आली. त्या बाईचं तोंड बंद झालं.

आणि माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. बाजाराला म्हणून निघालेली, पण पिशवी घ्यायचं भान नसलेली माणसं तात्या वर्षानुवर्षं हेरत होते आणि त्यांची लाज झाकायला आपला जुना गणवेश फाडून देत होते. आणि मी त्याच्यावर टाळ्या घेतल्या होत्या! कान असे तापले की त्यावर पापड भाजून निघाले असते.

मागच्या बाकड्यावर वरकुट्याच्या एक काकू होत्या, शेजारी त्यांची तरणी लेक. काकू आईला म्हणाल्या, "पोराचं कधीपासनं?"

"कशाचं काय? बाजाराला चाललोय."

"आमी बी बाजारालाच. सहा वर्षं झाली, अजून भेंडीसुद्धा घेतली न्हाय."

आई हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग बारामती येईपर्यंत दोघी डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. पोरगी रात्रंदिवस जागायची तेव्हा काय केलं, गोळीने झोप फार आली तर डॉक्टरला काय सांगायचं, सोयऱ्यांना काय उत्तर द्यायचं. पलीकडे शेळगावचे एक निवृत्त गुरुजी होते. ते अण्णाला सांगत होते, त्यांना गर्दीत जीव जातोय असं वाटायचं, आणि आता बाजाराच्या दिवशी एस.टी.ने येतात. तात्या उगाच कुणाला कुठे बसवायचे नाहीत. ज्याने आधी भोगलंय त्याच्या शेजारी नवा माणूस, हा त्यांचा नियम. डॉक्टरच्या खोलीत दहा मिनिटं मिळायची, मागच्या बाकड्यावर जाताना तास आणि येताना तास. निम्मा दवाखाना तर गाडीतच होता.

तात्यांचा एक कागदही होता. कार्बन घालून हाताने लिहिलेला. डॉक्टर कुठल्या वारी, कुठल्या गल्लीत. आधी काय झालं ते घरूनच लिहून न्यायचं. सरकारी दवाखान्यात औषध कुठल्या खिडकीला मिळतं. दाखल्यासाठी कुणाला भेटायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी गोळ्यांपुढे सूर्य आणि चंद्र काढलेले. सगळ्यांत खाली जाड अक्षरात: "बरं वाटलं म्हणून मधल्या स्टॉपवर उतरायचं न्हाय." आमचा कागद आईने देव्हाऱ्यामागे चिकटवला होता.

आम्ही उतरलोच. अण्णा पुन्हा बेसूर गायला लागल्यावर आबा म्हणाले, झाला की बरा, आता गोळ्या कशाला. महिनाभराने बाई विहिरीतून पुन्हा बोलायला लागली. मी मान खाली घालून तात्यांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "उतरला तितनं पुन्हा चढायचं. गाडी रोज असती." यावेळी साखळीला कुणी हात लावला नाही. आबाच अण्णाला घेऊन गाडीत चढले.

पुढे अण्णाला सोसायटीच्या गोदामात काम मिळायची वेळ आली, तर चेअरमन म्हणाले, असला माणूस नको. तात्यांची त्या दिवशी ड्यूटी होती. पण सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या व्हरांड्यात मागचं अख्खं बाकडं येऊन बसलं. काकू, त्यांची लेक, गुरुजी, आणखी पाच-सहाजण. प्रत्येकाच्या मांडीवर खाकी पिशवी. चेअरमन दचकून म्हणाले, "कोण तुमी?" गुरुजी शांतपणे उठले. "आम्ही बाजाराला आलोय. अण्णाच्या डॉक्टरांचा हा दाखला. तुम्ही वाचेपर्यंत आम्ही बसतो." दुपारपर्यंत बसले. चहा आला, तोही प्यायले. दुसऱ्या चहाच्या आत चेअरमननी सही केली.

मग तात्या निवृत्त झाले. डेपोत नारळ, शाल, भाषणं. भोंग्यावरून त्यांचं नाव घेतलं गेलं तेव्हा अण्णाने माझ्याकडे बघून डोळा मारला.

पुढच्या गुरुवारी आम्ही नेहमीच्या गाडीला चढलो. पाहतो तर इंदापूरहून तात्या गाडीत बसलेले. पांढरा सदरा, पांढरं धोतर. खाकीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. सोललेल्या उसासारखे दिसत होते. इतकी वर्षं गणवेशात बारामतीला उतरून ते गुपचूप डॉक्टरकडे जाऊन येत, कुणाला विचारायचं कारणच पडत नसे. आता नवा कंडक्टर समोर उभा होता, आणि पोरगं मोठ्या उत्साहाने ओरडलं, "अरे वा, तात्या! आज कुठं?"

अख्खी गाडी त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत उत्तराला कधी न अडलेला माणूस अडला. बोटं गळ्याजवळ गेली, तिथे बटण नव्हतं.

"आपलं... बाजाराला," तात्या म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

मागच्या बाकड्यावरून अण्णा उठला. हलत्या गाडीत डावा हात दांडीला धरत पुढे आला. उजव्या हातात घडी घातलेली खाकी पिशवी होती, कडेला विटलेली, आमच्या आईने तीनदा टाके घातलेली. त्याने ती तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"तात्या, पिशवी विसरलात जणू."

तात्यांनी पिशवीकडे बघितलं. आपल्याच पॅन्टीचा खिसा होता त्यावर, तसाच शिवलेला. त्यावरून एकदा हात फिरवला, पिशवीची घडी केली आणि ती काखेत मारून ताठ बसले.

"बारामती एक," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "बाजार न्हाय. मनाच्या डॉक्टरकडं. बारा वर्षं व्हती तवा ह्याला सांगितलं, आता सोळा झाली."

नव्या कंडक्टरचा चिमटा हवेतच. आणि त्या शांततेत मागून आमच्या आईचा आवाज आला, जिने त्या दिवसापर्यंत कुणालाही खरं उत्तर दिलं नव्हतं.

"मास्तर, आमची बी तितलीच तीन द्या."