पहिलं दूध

खरवसाचा वास आला, की मला कोल्हापुरातलं ते प्रसूतिगृह आठवतं. नव्वदच्या सुमाराला माझं पहिलं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं. ते काचेच्या खोलीत, पावडरच्या दुधावर होतं आणि बाहेर माझं झंपर पिवळसर दुधानं भिजत होतं. "बाळांच्या आयांना आत सोडत न्हाय," नर्स म्हणाली. सासूबाईंनी वाटी पुढं केली, "पयलं दूध बाळाला बाधतंय, पिळून टाक की." ते त्यांनी खिडकीखालच्या कण्हेरीला ओतलं. संध्याकाळी गावाकडनं म्हैस व्याल्याचा सांगावा आला, तशा त्या ओरडल्या, "चीक आधी रेडकाला पोटभर पाजा, न्हायतर ते जगायचं न्हाय!" बाळ राहिलं नाही, दूध मात्र येतच राहिलं. अजूनही कुणी खरवसाची वाटी पुढं केली, की माझा हात आधी छातीवरच्या पदराकडं जातो.