झोपताना लावायची ट्यूब

तीस वर्षं शाळेच्या मैदानावर कवायत घेतल्याचं बक्षीस म्हणून माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले. निवृत्त झाल्यावर मी विरारच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या खोलीत विजेवर चालणारा धबधबा होता आणि छतापर्यंत प्रमाणपत्रं. एवढ्या थाटातून शेवटी बाहेर आली ती रेटिनॉइड नावाच्या डागांवरच्या मलमाची बोटभर लांबीची ट्यूब. “झोपताना वाटाण्याएवढी लावायची. दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला चेहरा सोलवटेल, घाबरू नका.”

मी हे कुणाला बोलले नाही. क्रीम-पावडरींची जन्मभर टिंगल केलेल्या बाईला असली कामं गुपचूप करावी लागतात.

चार-पाच महिन्यांनी फरक दिसला तो फक्त मावशींना. मावशी म्हणजे अर्नाळ्याहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी आणणाऱ्या. उन्हात बोंबील वाळवण्यात जन्म गेल्यामुळे त्यांचे डाग माझ्याहून गडद. “टीचर, गाल उजललेत तुमचे. काय लावता?” मी डॉक्टरांचा पत्ता दिला. त्या गेल्या आणि तीच ट्यूब घेऊन आल्या.

तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा लालबुंद झाला, कातडीचे पापुद्रे निघू लागले. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली की हे पसरणारं आहे. मग एका बुधवारी अख्ख्या बिल्डिंगला उपास लागला. “आज नको मावशी, उपास आहे,” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतूनच म्हणाल्या. पुढच्या बुधवारीही तेच.

“ही बिल्डिंग गेली तर बाजूची पन जाईल,” भरलेल्या टोपलीशी बसून मावशी म्हणाल्या. “मग मी जाऊ कुठं?”

मी विचारलं, “ट्यूब कशी लावता?”

“दाक्तर बोलला तशी. झोपताना.”

“झोपता किती वाजता?”

“दुपारी, जेवल्यावर. रातचं दोनला बंदरावर जायचं, तवा कसली झोप? दुपारी तासभर पडते नि मग बोंबील उलटायला जाते.”

म्हणजे ऊन लागलं की कातडी जाळणारं ते औषध चेहऱ्यावर घेऊन त्या रोज वाळवणीच्या काठ्यांपाशी भर उन्हात उभ्या राहत होत्या. तुम्ही झोपता कधी, हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. आधी बंद करा, चेहरा निवला की अंधार पडल्यावर लावा, मग झोप लागो न लागो, असं ते म्हणाले. मावशींना पटलं. पण चेहरा निवेपर्यंत गिऱ्हाईक थांबणार नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी खाली टोपलीशेजारी उभी राहिले आणि कवायतीच्या आवाजात सांगितलं, “हे पसरत नाही. औषधाने सोलवटलंय. तीच ट्यूब मी सहा महिने लावते आहे.”

गॅलऱ्यांमधून माना बाहेर आल्या.

“टीचर, तुम्ही?” वहिनी ओरडल्या. “आणि आम्ही म्हणत होतो, टीचरना रिटायरमेंट मानवली!”

हसू वरच्या मजल्यापर्यंत गेलं. वहिनी खाली आल्या. मासा ताजा आहे का ते कल्ला उघडून पाहतात, तसा त्यांनी माझा गाल उजेडाकडे वळवून पाहिला. डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये घेतला. मग टोपलीपाशी बसून पापलेट निवडू लागल्या.

मावशींनी कोयता काढला. मान वर न करता विचारलं, “सुटला काय उपास?”