मालकाच्या सामानाची खोली

माझा स्वभाव संशयी आहे. आमचे हे म्हणतात, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. म्हणू देत. मुरुडला समुद्राजवळ घर, दारावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी, आणि वर स्वभाव भोळा, असं जमत नाही. ‘आम्ही दोघंच’ म्हणून फोन येतो आणि गाडीतून सात जण उतरतात. बाजारातल्या कोळिणीची नि माझी लग्न होऊन आले तेव्हापासूनची ओळख, तरी कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी तिच्याकडून मासा घेत नाही. तीही रागावत नाही. ओळख ओळखीच्या जागी, कल्ला कल्ल्याच्या जागी.

तर अशी मी, पनामाला गेले.

आमचा एकुलता एक मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता. मग त्याने जहाज सोडलं आणि पनामा शहरातच राहिला. तिथल्या कालव्यात शिरायला जहाजं रांग लावून थांबतात, त्यांना भाजी, तांदूळ, मटण पुरवणाऱ्या दुकानात त्याला नोकरी लागली. वर्षभरात येतो म्हणाला. मग पुढच्या वर्षी म्हणाला. मग साथ आली, मग कागदपत्रांची अडचण आली, मग दुकानात माणूस नव्हता. आमच्या आळीत घरटी एक माणूस बोटीवर असतो, त्यामुळे या कारणांचा वास आम्हाला लांबून येतो. परक्या बंदरात जो घर करतो त्याला आळीत ‘बुडाला’ म्हणतात. माणूस जिवंत असतो, गणपतीत फोनही करतो, पण आई-बाप त्याची वाट बघायचं सोडून देतात.

मला माझा मुलगा बुडू द्यायचा नव्हता. यांचे गुडघे गेलेले, खोल्यांचं काम माझ्या एकटीच्याने होईना, तळा गावची एक चांगली मुलगीही त्याच्यासाठी बघून ठेवलेली. तो आला तर घर चालणार, नाही आला तर पाटी उतरवायची, इतकं सरळ होतं. शेवटी मी त्याला फोनवर सांगितलं, तू येत नाहीस ना, मग मी येते तुला न्यायला. तो गप्प झाला. मग म्हणाला, ये. पण त्या गप्प होण्यावरून मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय. शेजारचा एक खलाशी तिथेच बोटीवर चढणार होता, त्याच्या सोबतीने गेले.

पहिल्याच सकाळी त्या शहराने मला फसवलं. गॅलरीत चहा घेऊन उभी राहिले तर सूर्य समुद्रातून वर येत होता. मुरुडला सूर्य डोंगरामागून येतो आणि समुद्रात जातो. जन्मभर तेच बघितलेलं. जिथे सूर्यच उलट्या बाजूने येतो तिथे माणसांचं काय सांगावं, असं माझ्या मनात आलं. बाकी सगळं मात्र आपल्यासारखंच. ओहोटीला किनाऱ्यावर तसाच काळा चिखल, तसाच वास. रस्त्याच्या कडेला आंबे, पपया, नारळ. दुपारी धो धो पाऊस आणि लगेच ऊन. इतकं आपल्यासारखं होतं की मला त्याचाही संशय आला.

मुलाचं घर एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक बाहेरची खोली, एक निजायची, स्वयंपाकघर, आणि एक बंद दार. मी विचारलं, इथे काय आहे? तो बूट काढत म्हणाला, “ती खोली बंद असते आये. मालकाचं सामान हाय त्यात.” मी बरं म्हटलं.

बरं म्हटलं, पण बघायला लागले. माझा धंदाच तो. पाहुणा गेल्यावर खोली बघून मी सांगू शकते, नवरा-बायकोचं भांडण झालं होतं का, पोर रांगतं होतं का, कोण लपून बिड्या ओढत होतं. इथे पलंगावर चादर नवी कोरी, घडीच्या रेघासुद्धा गेल्या नव्हत्या. न्हाणीत साबण नवा, वरची अक्षरं शाबूत. एकटा राहणारा पुरुष आणि अक्षरं असलेला साबण? भिंतीत खिळे होते आणि खिळ्यांवर काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटाच्या दोन्ही मुठी सुतळीने एकमेकींना बांधलेल्या. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, दार आपोआप उघडतं. मी सुतळी सोडून बघितली. दार जागचं हललं नाही.

आणि ती बाई. सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायची. मुलाने सांगितलं, खालच्या मजल्यावर तिची मावशी राहते, तिथे ती डबे करते, इमारतीतले बरेच जण तिच्याकडेच जेवतात. तिशीच्या आतली, सावळी, अंगाने भरलेली, केस कुरळे. मला ‘सेन्योरा’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची आणि मान खाली घालायची. जेवण चांगलं असायचं, खोटं कशाला बोलू. नारळाच्या दुधातला भात, त्यात चवळीसारखे दाणे. कच्ची केळी तळून, ठेचून, पुन्हा तळलेली. कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात सुरणासारखा कंद. पण एका संध्याकाळी माशाचं कालवण आलं आणि पहिल्याच घासाला माझा हात थांबला. त्यात आमसूल होतं. तेही वाडीतलं, मी उन्हात वाळवलेलं, खलाशांच्या हाती दरवर्षी धाडलेलं. मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, मीच दिलं तिला, आये, तुझ्यासाठी घाल म्हटलं. खाई त्याला खवखवे. एका प्रश्नाला त्याने दोन उत्तरं दिली, आणि मी तर प्रश्नच विचारला नव्हता.

मी मनात नक्की केलं की या बयेने माझ्या पोरावर जाळं टाकलंय. आमसूल म्हणजे घरातली वस्तू. ती डबेवालीच्या हाती जाते म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं आहे, पण अजून हातचं गेलेलं नाही. आपण वेळेवर पोचलो, आता याला उचलायचा आणि न्यायचा. तिच्याशी बोलताना मी त्याला मध्ये घालायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. ती भरभरून काहीतरी सांगायची आणि हा मराठीत सांगायचा, “ती म्हणते, आवडलं का?” एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं भाषांतर होत नाही, एवढं मला न शिकताही कळतं.

सुटीच्या दिवशी तो मला शहर दाखवायचा. मासळीबाजारात नेलं. तिथे कोळिणी नव्हत्या, सगळे पुरुषच विकणारे, आणि छपरावर मोठाले पाणपक्षी मांजरांसारखे टपून बसलेले. मी एका माशाचा कल्ला उघडला तर विकणारा हसला आणि त्याने स्वतःहून खालचा ताजा मासा काढून दिला. म्हणजे वरचा शिळा होता. जगात कुठेही जा. तिथल्या चौकात म्हातारे ठिपक्यांच्या सोंगट्या टेबलावर आपटून खेळत होते, बायका लॉटरीच्या तिकिटांचे तक्ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि एका रंगीत बसमध्ये आपल्या लग्नात वाजतात तेवढ्या मोठ्याने गाणी वाजत होती. बर्फाचा गोळासुद्धा मिळतो तिथे, वर घट्ट गोड दूध ओतून देतात. गोळेवाल्याने आम्हाला बघून विचारल्याशिवायच तीन गोळे करायला घेतले. मुलगा घाईघाईने काहीतरी बोलला, तेव्हा त्याने तिसरा कागदी पेला परत ठेवला. मी विचारलं नाही. तो पेला लहान होता, एवढं बघितलं.

त्या संध्याकाळी बाई डबा घेऊन आली तेव्हा मुलगा आंघोळीला गेलेला होता. बाहेर पाऊस भरून आल्यामुळे स्वयंपाकघरात अंधार होता. दिव्याचं बटण तिथे चमत्कारिक जागी, फ्रिजच्या मागे. मी अजून ते चाचपून शोधायची. तिने डबा उजव्या हातात धरून, माझ्याकडे बघत बघत, डावा हात मागे घालून दिवा लावला. मग नळ. तो नळ नुसता फिरवला तर गळतो, वर उचलून फिरवावा लागतो. तिने वर उचलून फिरवला. तेवढ्यात खालून लहान मूल रडल्याचा आवाज आला. तिच्या हातातली पळी थांबली. मान वळली नाही, पण कान गेला. ती पळी तशीच धरून ती उभी राहिली, मूल गप्प होईपर्यंत, आणि मग पुन्हा वाढायला लागली.

मी खाली स्टुलावर बसले. माझी नजर त्या बंद दारावर गेली आणि मला एकदम माझं घर दिसलं.

आमच्याकडे सीझनला चार खोल्या पुरत नाहीत. मग आम्ही आमची स्वतःची निजायची खोलीसुद्धा पाहुण्यांना देतो. मुरुडात बहुतेक घरी हेच करतात. पलंगावर नवी चादर, न्हाणीत नवा साबण. आम्ही वापरायची ती झिजलेली वडी उचलून ठेवायची. भिंतीवरचे फोटो उतरवायचे, कारण लोकांना परक्याच्या म्हाताऱ्यांच्या नजरेखाली झोपायला आवडत नाही. आमचे कपडे, देव, औषधं, सासूबाई होत्या तोवर सासूबाईसुद्धा, सगळं मागच्या अंधाऱ्या खोलीत कोंबायचं आणि दार लावून घ्यायचं. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलेलं. माझा मुलगा इतकासा होता तेव्हापासून दारात उभा राहून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, लोकांना सांगायचा, “ती खोली बंद असते. मालकाचं सामान आहे त्यात.” ते वाक्य त्याला मीच शिकवलं होतं. आम्हीच मालक, आणि ते सामान म्हणजे आमचा सगळा संसार.

पोराने मला पाहुणी केली होती. ज्या बाईवर मी जाळं टाकल्याचा संशय घेत होते ती तिच्याच घरात, खाली मान घालून, परक्या बाईला वाढत होती. मी सीझनभर वाढते तशी.

मला राग आला. इतका आला की कानशिलं तापली. आणि रडूही आलं, कारण एवढ्या लांब मी ज्याला न्यायला आले होते तो आता नेण्यासारखा राहिला नव्हता. तळ्याची मुलगी, खोल्या, पाटी, सगळं त्या स्टुलावर बसल्या बसल्या गेलं. बुडाला, असं मी मनात म्हटलं. आणि मग त्या बाईकडे बघितलं. ती माझे डोळे बघून घाबरली होती, तरी कालवण सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

मुलगा टॉवेलने डोकं पुसत आला. आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि दारातच थांबला.

आमच्या घरी सीझनची शेवटची गाडी फाटकातून बाहेर पडली की आमचे हे एक हाक देतात. मग मागची खोली उघडते, देव बाहेर येतात, फोटो खिळ्यांवर जातात आणि आम्ही आमच्या पलंगावर आडवे होतो. मी तीच हाक दिली.

“पाहुणे गेले रे. उघड खोली.”

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोठा बाप्या, लहानपणी रडायचा तसा तोंड वाकडं करून रडला. तिला मराठी येत नव्हतं, पण काय झालं ते तिला कळलं. तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि गळ्यातल्या साखळीतून चावी काढली.

खोलीत सगळं होतं. लहानसा पलंग, कपड्यांची गाठोडी, उतरवलेले फोटो एकावर एक. लग्नातला त्यांचा फोटो. आणि त्याखाली माझा नि यांचा, आमच्या पाटीखाली उभे राहून काढलेला. तो भिंतीवरून काढायला हात धजत नव्हता, असं तो म्हणाला. पण आपला फोटो बघून तू जवळ गेली असतीस आणि बाजूच्या रिकाम्या खिळ्याचं विचारलं असतंस. खरं होतं ते. विचारलंच असतं. तुमच्यापाशी एकदा तरी तोंड उघडायचं होतं, तो म्हणाला, पण आळीत मला बुडाला म्हणतील आणि तूही म्हणशील याची भीती वाटत होती. मी मनात नुकतंच तसं म्हटलं होतं.

तोवर ती खालून मुलीला घेऊन आली. दोन-अडीच वर्षांची, आईचे केस, नाक थेट आमच्या यांचं. मी पिशवीतून घरचा रव्याचा लाडू काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग लाडवाकडे. मग लाडू हातात घेऊन उलटा केला आणि खालची बाजू नीट तपासली. तेव्हा कुठे एक कडा दातांनी तोडली. माझी खात्री पटली. बाकी कुणाच्या सांगण्याची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी यांचा फोन आला. पहिला प्रश्न हाच, पोरगा येतोय का? मी म्हटलं, राहायला नाही येणार. पण दिवाळीत येणार आहेत. तिघं.

“तिघं? कोण तिघं? दिवाळीत खोली कुठनं देणार, सगळं भरलेलं असतंय.”

“त्यांना खोली नको,” मी म्हटलं. “त्यांना मागच्या खोलीत, आपल्याजवळ झोपवू.”