टँकरचे निरोप आणि आमच्या बाई

कॉम्प्युटरशी इतक्या घरगुती आवाजात भांडणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. दुष्काळाच्या त्या वर्षी मी लोह्याहून लातूरला नोकरीला आलो, तेव्हा टँकरवाल्यांना मोबाइलवर निरोप धाडणारा आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर त्या सांभाळत. मूळच्या उदगीरच्या. पाणी नाही म्हणून भाऊ-भावजय मुलाबाळांसह पुण्याला गेलेले. घरात या एकट्याच. त्यामुळे सगळी माया आणि सगळा राग पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांवर. असा प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना कॉम्प्युटरने दिलेला आपला नंबर एका छोट्या फाइलीत लिहून ठेवी आणि संपताना ती फाइल पुसून जाई. पुसायचं राहिलं की बाई कडाडत, "मेल्या, जायचं तर सांगून जावं की! दारात चपला ठेवून कुठं फिरायलास?" उदगीरचा नवा जिल्हा होणार, अशी चर्चा रंगली की मात्र मान वर न करता म्हणत, "होऊ द्या. पाणी कोणच्या जिल्ह्यात हाय ते सांगा आधी." संध्याकाळी निघताना कॉम्प्युटरला "येते रे" म्हणत. मला कधी म्हणाल्या नाहीत.

एकदा पहाटे वीज गेली आणि निरोपांचा प्रोग्राम फाइल न पुसताच बंद पडला. वीज आल्यावर, बंद पडलेले प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या बाईंच्याच स्क्रिप्टने ती फाइल पाहिली, प्रोग्राम चालूच आहे असं धरलं आणि तो पुन्हा सुरू केलाच नाही. दुपारी एका गावाहून "टँकर का न्हाई?" असा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. बाईंनी फाइलीतला नंबर शोधून पाहिला. त्या नंबराचं कुणीच चालू नव्हतं. "फाइल हाय म्हणून तो हाय, असं धरलं मी," एवढंच म्हणाल्या. जुनी फाइल पुसून त्यांनी प्रोग्राम सुरू केला आणि स्क्रिप्टमध्ये भर घातली : आधी त्या नंबराचं कुणी जिवंत आहे का बघायचं, तो नंबर आता दुसऱ्याच प्रोग्रामला गेलेला नाही ना तेही बघायचं, मगच फाइलीवर विश्वास.

पण तेवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! दुसऱ्या दिवशी माफी मागायला टँकरमध्ये बसून त्या गावी निघाल्या, मलाही ओढलं. घागरींच्या रांगेपुढे उभं राहून त्यांनी प्रोग्राम, नंबर, फाइल, सगळं समजावून सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका म्हातारीने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आसू दे माय. तू जेवलीस का?"

 म्हातारीच्या ओसरीवर, आमच्याकडे पाठ करून, बाई भाकरी-चटणी खात बसल्या. सावकाश. "आनखी घे" म्हटलं की घेत. टँकर रिकामा झाला, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.