सरांची पंगत अन् माह्या दहा मिनटांची नक्कल

तुमाले वाटत असन, आता हा पोट्टा डोळे पुसत ‘कधीच न भरून निघणारी पोकळी’ लिहीन. नाही लिहीत. गंगाधर सरांनी वाचलं असतं त मलेच कोपऱ्यात उभं केलं असतं... सर गेले त्याले मयना झाला. आदिलाबादच्या बसस्टँडवर दोस्ताईले कंडक्टरची नक्कल करून दाखवून राह्यलो होतो, तवाच गावातून फोन आला. दोस्त हसतच होते, मी गावची बस धरली.

रिटायर झाल्यावर सरांनी गावात युवक मंडळ काढलं. आमाले वाटलं, क्रिकेटची किट भेटन. भेटलं काय, त घरोघरी निमंत्रण द्यायचं काम. कापूस वेचून झाला का शाळेच्या मैदानात समद्या घरांची पंगत. नेम एकच, आपल्या घरचा डबा आपण खायचा नाही, दुसऱ्याले वाढायचा. माही आई अर्ध्या गावाले तिथंच वळखाले लागली. अन् मी चार मानसांत बोलाले शिकलो तेबी सरांमुळंच. आज स्टेजवर उभा राहतो, त्याहीचे उपकार कसे फेडू...

मी इंटरले, म्हणजे अकरावी-बारावीले होतो, त्या वर्षीची गोष्ट. नामदेवबाबा अन् किसनकाका, सख्खे भाऊ. किसनकाकाच्या पोरीच्या लग्नात नामदेवबाबाले मानाचा शेला भेटला नाही, तवापासून सहा वर्षं बोलणं बंद. सर तीन मयने दोघांच्या ओसरीवर बसले, तवा कुठं दोघं पंगतीले याले तयार झाले. ठरलं एवढंच, त्या गोष्टीचं नाव कोणी काढायचं नाही.

त्या पंगतीत मले दहा मिनटं भेटली होती नकलेले. लोकं हसून राह्यले होते, मले चेव चढला. नामदेवबाबासारखा खाकरलो, मिशीवर हात फिरवला अन् त्याहीच्याच आवाजात इचारलं, “माहा शेला कोठी हाय रे?”

नामदेवबाबा उठले, एका पायात चप्पल घातली. सर जागचे हलले नाहीत, नुसते त्याहीच्याकडं पाहत राह्यले.

तवा पलीकडून किसनकाका बोलला, “ए पोट्ट्या, दादा असं कधीच बोलला नाही. त्यानं शेला मांगितलाच नाही. मीच इसरलो होतो.”

नामदेवबाबा उभेच... मंग चप्पल काढली. म्हणाले, “बस किसन. भाकर थंडी होऊन राह्यली.”

दोघं जेवले. मले वाटलं, आता सर पाठ थोपटतीन. त्याहीनं कान धरून शाळेमागं नेलं.

“ते जेवले म्हणून तू शहाणा झाला काय? नामदेव उठून गेला असता त पुन्हा त्याच्या ओसरीवर कोण बसलं असतं, तू?”

“चुकलं सर.”

“काऊन केलं मंग? ज्याच्या घरी तू कधी जेवला नाही, त्याचं दुखणं लोकाईले हसाले देतो काय? उद्या नामदेवकडं जेव, परवा किसनकडं. दोन्हीकडं पोटभर खाय, अन् खातानी तुह्या सोताच्या आवाजात बोल.”