अर्नाळ्याच्या वाटेवर अर्धी टाकी

विरारहून आम्ही दहाला निघालो, बाबा आणि मी. अर्नाळ्याला काकाची नवी बोट पाण्यात ढकलायची होती. बाराचं उधाण (मोठी भरती). पहिला नारळ थोरल्या भावाने, म्हणजे बाबांनी फोडायचा. तो त्यांनी मांडीवर धरला होता. माझ्या कॉलेजसाठी त्यांनी स्वतःची बोट विकली. तेव्हापासून हा मान त्यांना कोणी दिला नव्हता.

"रिक्षानं जाव," असं ते म्हणाले होते. पण घरातला पहिला पदवीधर मी. माझी गाडी बंदरावर सगळ्यांना दिसायला हवी होती.

आगाशीच्या पुढे केळीच्या वाड्यांपाशी गाडी आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. जवळच्या गॅरेजमधून सायमन नावाचा मेकॅनिक आला.

"पयलं टाकीत पेट्रोल हाय काय ते बघा," बाबा म्हणाले.

"बाबा, काटा दिसतोय ना? काठी बुडवून बघायला ही बोट नाही."

सायमनने फ्यूज तपासले, वायरी तपासल्या. एक रिकामी रिक्षा आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "दहाच मिनिटं," मी म्हणालो. रिक्षा गेली. पुढे आल्या त्या भरलेल्या.

पावणेबाराला सायमनने मागची सीट उचलली, टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

"साहेब, टाकी कोरडी आहे." मग त्याने फ्लोट (टाकीत तरंगणारा तुकडा, त्यावर काटा हलतो) बाहेर काढला. "दांडी अडकलेली. हे कोणी खोललेलं?"

"मी. काटा नाचत होता. व्हिडिओ बघून नीट केला."

"व्हिडिओ पण अर्धाच बघितला काय?"

त्याने दांडी सरळ बसवली, बाटलीभर पेट्रोल ओतलं. अर्नाळ्याला पोचलो तेव्हा बोट हार घालून लांब पाण्यात डुलत होती.

"दादा, पानी उतराया लागलं," काका मान खाली घालून म्हणाला. "किती थांबनार?"

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले. काकीने भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. ते दोन घास खाऊन उठले.

परतताना पंपावर पेट्रोल भरलं. काटा गुमान वर चढला. उभा जन्म बाबांनी काठी बुडवून डिझेल मोजलं, समुद्रात एकदाही अडकले नाहीत. हे मला तेव्हा आठवलं, आणि स्वतःचीच चीड आली.

"आता बरोबर दाखवतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

घरी आल्यावर त्यांनी नारळ आईच्या हातात दिला.

"कालवनाला घे," म्हणाले.