मोजेन तर मराठीतच

भोपाळात माझी तीस वर्षं गेली. भाजी हिंदीत घेते, भांडण हिंदीत करते, ऑफिसातल्या फायली हिंदीत लिहिते. पण मोजणं मात्र मराठीतच. पोळ्या असोत की दुधाच्या पिशव्या, तोंडात आपसूक एक, दोन, तीन. बरखेडा वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरांत सगळ्याच मराठी बायकांचं हे असं.

लोकसभेला मला टपाली मतं मोजायची ड्यूटी लागली. देशभर अटीतटीची लढत, आणि आमच्या जागेवर तर दोघांत उणापुरा पन्नास मतांचा फरक. फेरमोजणीची मागणी झाली. पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या सकाळी मीच मोजून रबरबँडात आवळल्या होत्या. दुसऱ्या कारकुनाने त्यातल्या एकीचा रबरबँड काढून ती पुन्हा मोजली. चोवीस!

गड्डी पिछाडीवरच्या उमेदवाराची. त्याचा एजंट उसळलाच. "मैडम न जाने क्या बुदबुदाती रहती हैं! हमारा एक वोट कहाँ गया?"

आघाडीवरच्याचा एजंट म्हणाला, "चौबीस लिखिए, बात खत्म."

अरे वा, खत्म कशी? मत हरवलं म्हणजे मी सस्पेंड, तेही निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. खरं सांगते, मला रागच आला. इतक्या वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मोजणीवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी फर्मावलं, "ज़ोर से गिनिए. हिंदी में."

मोजायला लागले. सगळं लक्ष जिभेवर. बाराच्या पुढे गाडी अडखळली, सोळा झाले की सतरा तेच कळेना. कुणीतरी खुदकन हसलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. गड्डी टेबलावर ठेवली.

"सर, गिनूँगी तो मराठी में. ये दोनों हिंदी में गिनें. जोड़ एक ही आएगा."

साहेबांनी मान हलवली. मी मोठ्याने सुरू केलं, दोन्ही एजंट माझ्या बोटांवर डोळे रोखून. बावीस, तेवीस, चोवीस. हात रिकामा.

"और एक बार," मी म्हटलं. या वेळी सावकाश, एकेक कागद चिमटीत चोळत. सतरा, अठरा, एकोणीस. थांबले. हा कागद जाड लागत होता. कडेला नख घातलं, हलकेच ओढलं, आणि खालून दुसरी मतपत्रिका सुटली! पाकिटाचा ओला डिंक लागून दोन्ही दाबाखाली चिकटून बसल्या होत्या.

"वीस!" मी जवळजवळ ओरडलेच. आणि तशीच शेवटापर्यंत गेले.

साहेब हसले. पक्का निकाल यायला अजून अवकाश होता. कोण जिंकणार, देवाला ठाऊक. मी मात्र ताठ मानेने मोजणीचा तक्ता सहीसाठी पुढे सरकवला. मघाशी तणतणणाऱ्या एजंटाने मुकाट सही केली, मग ओशाळून विचारलं, "मैडम, पच्चीस को मराठी में क्या कहते हैं?"

"पंचवीस," मी सांगितलं. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं.